लाइन आणि सोलरच्या अदलाबदलीत राउटर, कॉम्प्युटर रिस्टार्ट होतात: दोष कुठं शोधायचा

छतावर किलोवॉटभर पॅनल, खाली २४ व्होल्टचा हायब्रिड (सोलर, बॅटरी आणि लाइन तिन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर, शेजारी १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या. पंखे-दिवे व्यवस्थित चालतात. पण घर सोलरवरून लाइनवर किंवा लाइनवरून सोलरवर गेलं की राउटर रिस्टार्ट होतो, सेट-टॉप बॉक्स पहिल्यापासून सुरू होतो, कधी कॉम्प्युटरही बसतो. ढगाळ दिवशी तर तासाभरात चार-पाच वेळा. मग राउटर बदलला जातो, त्यानंतर ॲडॉप्टर, शेवटी बॅटरीवर संशय येतो. बहुतेक घरांत या तिघांचाही काही दोष नसतो.

इथं दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एका बदलाला वीज किती मिलिसेकंद तुटते, म्हणजे गॅप किती, हा एक. दिवसात असे बदल किती वेळा होतात, हा दुसरा. सगळे पहिल्याच्या मागं लागतात, कारण त्यावर विकत घेण्याजोगा उपाय असतो. दुसरा बहुधा सेटिंगनं फुकटात सुटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आधी एक दिवसाची नोंद

राउटर बसला की लगेच इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर तीन गोष्टी बघून लिहायच्या: वेळ, लाइनचं व्होल्टेज, बॅटरीचं व्होल्टेज. दुपारपर्यंत चित्र दिसायला लागतं.

लाइन २२०–२४० वर शांत आहे, पण बॅटरी २३ आणि २७ च्या दरम्यान वर-खाली होतेय, तर बदल सेटिंगमुळे होताहेत. संध्याकाळी सात ते दहामध्येच त्रास होतो आणि लाइन १६५–१८० दाखवते, तर कमी दाबाचा मामला आहे. लाइट खरोखर गेली तेव्हाच राउटर बसतो, एरवी नाही, तर गॅपचा प्रश्न. आणि बदल झालाच नसताना रिस्टार्ट होत असेल, तर बॅटरीच्या वायरी किंवा ओव्हरलोड बघायचा.

ढगाळ दिवसाचा खेळ

इन्व्हर्टर ‘एसबीयू’वर, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी लाइन या क्रमावर असतो, तेव्हा तो दोन व्होल्टेजांवरून निर्णय घेतो. बॅटरी एका आकड्याखाली आली की लोड लाइनवर टाकायचा, दुसऱ्या आकड्यावर चढली की परत बॅटरीवर घ्यायचा. बाजारातल्या बऱ्याच हायब्रिड मशिनांत हे सेटिंग मेन्यूतले १२ आणि १३ नंबरचे प्रोग्राम असतात आणि २४ व्होल्टच्या मॉडेलला ते कारखान्यातूनच २३ आणि २७ वर येतात. तुमच्या मशिनचे नंबर मात्र पुस्तिकेतून पडताळून घ्या.

कागदावर चार व्होल्टचं अंतर भरपूर वाटतं. प्रत्यक्षात काय होतं बघा. सकाळी अकराला ढग आला, ४०० वॉटचा लोड बॅटरीवर आला. आतली तूट धरून बॅटरीतून १८–२० अँपिअर निघतात, व्होल्टेज घसरून २३ ला टेकतं, घर लाइनवर जातं. तेवढ्यात ऊन पडतं. आता पॅनलवर लोड नाही, सगळी वीज बॅटरीत. भर उन्हात किलोवॉटच्या पॅनलमधून ७००–८०० वॉट आले, तर ते जवळपास ३० अँपिअर होतात. १५० एएचच्या बॅटरीला ३० अँपिअर दिले की तिचं व्होल्टेज थोड्याच वेळात २७ वर चढतं. ती भरलेली नसते, नुसतं वरवरचं व्होल्टेज चढलेलं असतं. इन्व्हर्टरला २७ दिसले, त्यानं घर पुन्हा बॅटरीवर घेतलं. लोड पडताच व्होल्टेज खाली. पुढचा ढग आला की घर परत लाइनवर.

उपाय असा:

१. लाइनवर जाण्याचा आकडा २४.० करा. लेड-ॲसिड बॅटरीला रोज २३ पर्यंत पिळणं तिच्या आयुष्यालाही महाग पडतं.

२. बॅटरीवर परत येण्याचा आकडा २८ किंवा त्याच प्रोग्राममधला ‘फुल’ हा पर्याय. ‘फुल’ ठेवल्यावर बॅटरी खरोखर भरेपर्यंत घर लाइनवर राहतं. ढगाळ दिवशी ती कदाचित दिवसभर भरणार नाही आणि घर लाइनवरच राहील. राहू दे, आपल्याला तेच हवं आहे.

३. परतीचा हा आकडा बॅटरीच्या बल्क चार्जिंगच्या, म्हणजे चार्जिंगमध्ये ती जिथवर चढवली जाते त्या, व्होल्टेजपेक्षा खाली हवा. बॅटरीचा प्रकार चुकून ‘एजीएम’ (सीलबंद बॅटरी) राहिला असेल तर बल्क २८.२ च्या आसपास असतं. तिथं परतीचा आकडा २८.५ टाकला तर घर कधीच बॅटरीवर येणार नाही. पाणी टाकायच्या ट्यूब्युलर बॅटरीला प्रकार ‘फ्लडेड’ निवडायचा.

४. चार्जिंगचा करंट आवरा. १५० एएचला १५ अँपिअर उत्तम, २०–२५ पर्यंत चालतं. सोलर आणि लाइन मिळून एकूण मर्यादा बहुधा ०२ नंबरला असते, नुसत्या लाइनची ११ ला.

एवढ्यावर बहुतेक घरांतली अदलाबदल दिवसाला एक-दोन वेळांवर येते. जून ते सप्टेंबर मात्र सरळ लाइनला पहिला क्रम द्यावा आणि सोलर फक्त चार्जिंगला ठेवावं. पावसाळ्यात लाइट हमखास जाते आणि नेमकी त्याच दिवशी बॅटरी अर्धी असते. थोडं युनिट वाचवायच्या नादात बॅकअप घालवणं परवडत नाही.

लिथियम बॅटरी असेल तर हे आकडे निरुपयोगी आहेत. आठ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळं ३० टक्के आणि ७० टक्के यांतला फरक व्होल्टेजवरून कळत नाही. तिथं बीएमएसची (बॅटरीतल्या नियंत्रक सर्किटची) कम्युनिकेशन केबल इन्व्हर्टरला जोडून टक्केवारीवर बदल ठरवायचा. केबल बसवली पण इन्व्हर्टरमध्ये प्रोटोकॉल निवडलाच नाही, हे नेहमी सापडतं.

संध्याकाळचा कमी दाब

हायब्रिड इन्व्हर्टरला लाइन स्वीकारण्याच्या दोन खिडक्या असतात. ‘अप्लायन्स’ मोडमध्ये तो ९० पासून २८० व्होल्टपर्यंतची लाइन आहे तशी पुढं सोडतो आणि बदलाला २० मिलिसेकंदांच्या आसपास घेतो. ‘यूपीएस’ मोडमध्ये खिडकी १७० ते २८० अशी अरुंद होते, बदल १० मिलिसेकंदांच्या आसपास. बऱ्याच मशिनांत ही निवड ०३ नंबरला असते आणि मशीन नवीन येतं तेव्हा अप्लायन्सवर असतं. साध्या घरगुती इन्व्हर्टरला हाच बदल मागच्या बाजूला छोट्या खटक्यानं करायचा असतो.

अप्लायन्स मोड राउटरला दोनदा नडतो. गॅप मोठा असतो हे उघड आहे. दुसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. राउटरच्या ॲडॉप्टरमध्ये एक कपॅसिटर असतो आणि वीज तुटलेल्या क्षणी तोच राउटर जगवतो. त्यात साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० व्होल्टला जेवढी ऊर्जा, त्याच्या निम्म्याहून कमी १५० व्होल्टला, आणि ९० व्होल्टला सहावा हिस्साही उरत नाही. म्हणजे दुपारी जो राउटर २० मिलिसेकंदांचा गॅप सहज पचवतो, तोच संध्याकाळी दबलेल्या लाइनवर तेवढ्याच गॅपला बसतो. ॲडॉप्टर बदलून हा फरक जात नाही. कॉम्प्युटरच्या पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, कपॅसिटर लाइन कितीही असली तरी ३८० व्होल्टच्या आसपास भरलेला राहतो, म्हणून कॉम्प्युटर टिकतो आणि राउटर बसतो, असं उलटं वाटणारं चित्रही दिसतं.

मग यूपीएस मोड लावून मोकळं व्हावं, तर दबलेल्या लाइनवर दुसरं दुखणं सुरू होतं. इन्व्हर्टर लाइन साधारण १७० ला सोडतो आणि १८० ला परत घेतो. घरातला किंवा शेजारचा बोअरचा पंप सुरू झाला की लाइन १७० खाली, स्थिरावला की १८० वर. प्रत्येक वेळी रिलेचा, म्हणजे आतल्या बदलणाऱ्या स्विचचा, खटका. रात्रभर टकटक ऐकू येत असेल तर हेच चाललंय.

आधी शेजाऱ्याच्या बोर्डावर मल्टिमीटर लावा. त्याच्याकडंही १७० असतील तर डीपीवरचा लोड किंवा लाइनचा दोष; महावितरणकडं तक्रार नोंदवा. घरगुती जोडणीला २३० च्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळायला हवेत. तक्रारीत नुसतं ‘लाइट कमी येते’ लिहू नका, वेळ आणि आकडे लिहा. शेजारी २१५ आणि तुमच्याकडं १७५ असतील, तर सर्व्हिस वायरचा सांधा, मीटरजवळचा कटआउट किंवा मेन स्विचचा जळका स्क्रू. हे काम वायरमनचं किंवा महावितरणचं. मीटरच्या आधीच्या वायरींना हात लावायचा नाही.

दाब लवकर सुधारण्याची आशा नसेल तर इन्व्हर्टरच्या इनपुटला स्टॅबिलायझर. पण रिलेचा घ्यायचा नाही. तो टप्पा बदलताना काही मिलिसेकंद स्वतःच लाइन तोडतो, यूपीएस मोडमधला इन्व्हर्टर त्याला लाइट गेली असं समजतो आणि बदल वाढतात. सर्व्हो स्टॅबिलायझर मोटरनं, लाइन न तोडता सरकतो. मापाला लोड आणि चार्जिंग दोन्ही धरा: १००० वॉट लोड आणि १५ अँपिअरचं चार्जिंग म्हणजे आणखी सव्वाचारशे वॉट, ३ केव्हीएचा घेतला तर दबलेल्या लाइनवरही पुरतो.

गॅप मोजायचा कसा

ऑसिलोस्कोप लागत नाही. निऑनचा इंडिकेटर असलेला जुना एक्स्टेन्शन बोर्ड इन्व्हर्टरच्या आउटपुटवर लावा आणि मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर, त्याचं चित्रण करा. ५० हर्ट्झच्या विजेवर निऑन दर १० मिलिसेकंदांनी एकदा चमकतो. चित्रण सुरू ठेवून इन्व्हर्टरच्या इनपुटचा एमसीबी खाली करा. एखादी चमक हुकली तर गॅप १० ते २० मिलिसेकंदांचा, पाच हुकल्या तर ५० च्या आसपास. नव्या बोर्डांतला लाल दिवा कधी कधी एलईडी असतो आणि तो सेकंदाला ५० वेळाच चमकतो, तेव्हा आधी साध्या चालू अवस्थेतल्या चमका मोजून घ्या. चाचणीआधी कॉम्प्युटरवरचं काम सेव्ह करा.

एमसीबी खाली केल्यावर आणि परत वर केल्यावर, दोन्ही बाजूंनी बघायचं. लाइट जाताना इन्व्हर्टरला ती गेल्याचं आधी ओळखावं लागतं, मग रिले हलतो, म्हणून तो गॅप मोठा. लाइट आल्यावर तो थोडं थांबतो, लाइनच्या लहरीशी जुळवून घेतो आणि मग बदलतो. परत येतानाच रिस्टार्ट होत असेल तर तो जुळवून न घेता बदलतोय, किंवा मध्ये दुसरं काहीतरी आहे.

हे दुसरं काहीतरी म्हणजे बऱ्याचदा इन्व्हर्टरच्या बाहेर बसवलेला चेंजओव्हर, म्हणजे घर एका विजेवरून दुसरीवर टाकणारा स्विच. हाताचा १-०-२ चेंजओव्हर मधल्या शून्यावरून जातो, तिथं राउटर बसणारच. एमसीबीसारखा दिसणारा ऑटोमॅटिक चेंजओव्हर आतल्या मोटर किंवा कॉइलनं सरकतो आणि इन्व्हर्टरच्या रिलेपेक्षा कैक पट वेळ घेतो. जनरेटरला तो ठीक आहे, कॉम्प्युटरला नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची लाइन इन्व्हर्टरच्या आउटपुटवरूनच थेट घ्या. चेंजओव्हर फक्त इन्व्हर्टर दुरुस्तीला काढताना घर लाइनवर टाकण्यापुरता ठेवा. तोही दोन पोलचा, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणार नाहीत असा इंटरलॉक असलेला. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर सॉकेटात घालून घर सोलरवर घेण्याचा जुगाड काही ठिकाणी अजून चालतो. मेन चालू राहिला तर ती वीज उलटी डीपीकडं जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते.

यूपीएस मोडमध्येही कॉम्प्युटर बसत असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर पीएफसीवाले एसएमपीएस बिथरतात आणि गॅप कितीही लहान असला तरी बंद पडतात. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मध्ये लावायचा तरी तो साइन वेव्हच्या पुढंच. स्क्वेअर वेव्हवर तो इनपुट नाकारतो आणि सतत बीप करत स्वतःची बॅटरी संपवतो.

न्यूट्रल: सगळ्यात जास्त चुकणारी जागा

साध्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल बहुधा आरपार असतो. लाइनचा आणि आउटपुटचा न्यूट्रल आत जोडलेलाच, रिले फक्त फेज बदलतो. म्हणून वायरमन फेजची एकच वायर ओढून ‘इन्व्हर्टर लाइन’ करतो आणि न्यूट्रल घराचा वापरतो. बऱ्याच हायब्रिड इन्व्हर्टरांत मात्र रिले फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतात. जुन्या वायरिंगवर नवा हायब्रिड चढवला की लाइनवर सगळं छान चालतं आणि सोलरवर गेलं की पॉइंट बंद किंवा मिणमिणते.

मग कुणीतरी आउटपुटचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रल पट्टीला जोडतो. दिवे लागतात, पण आता आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर) पडायला लागते. कारण सरळ आहे: आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट ताडून बघते. फेज तिच्यातून गेला आणि न्यूट्रल दुसऱ्या वाटेनं परतला, तर ३० मिलिअँपिअरचा फरक पडायला एक एलईडी बल्बही पुरतो.

तपासणी अशी. लाइनचा मेन, इन्व्हर्टर, बॅटरीचा आणि पॅनलचा डीसी स्विच बंद करा. ऊन असेपर्यंत पॅनलच्या बाजूच्या वायरी जिवंतच असतात, हे विसरायचं नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या दोन्ही वायरी काढा आणि त्यांतला न्यूट्रल व घराची न्यूट्रल पट्टी यांमध्ये मल्टिमीटरनं कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर दोन्ही कुठंतरी जोडलेले आहेत. उपाय एकच: इन्व्हर्टर लाइनच्या सगळ्या पॉइंटांचा न्यूट्रल वेगळा काढून स्वतंत्र पट्टीवर घ्यायचा आणि तिला स्वतंत्र आरसीसीबी. जुन्या पाइपात वायर ओढायला एक-दोन दिवसांचं काम आहे. त्याला आडवाट नाही. हे लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

त्याच्याशीच निगडित एक लक्षण: सोलरवर असताना सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. बॅटरीवर असताना आउटपुटचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो, म्हणून दोन्ही वायरी अर्थिंगपासून साधारण शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगतात. अशा वेळी गळती झाली तरी आरसीसीबी पडेलच असं नाही. काही मशिनांत बॅटरी मोडपुरता न्यूट्रल अर्थिंगला जोडणारा रिले असतो, काहींत तो बाहेरून लावता येतो. न्यूट्रल आणि अर्थ बोर्डात कायमचे जोडून टाकणं मात्र धोक्याचं. लाइन मोडमध्ये महावितरणच्या न्यूट्रलचा करंट तुमच्या अर्थिंगमधून वाहायला लागतो, आणि बाहेर न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण दाब येतो.

फ्रिज आणि बॅटरीच्या वायरी

फ्रिज चालताना १५० वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट खेचतो. वीज सेकंदभर तुटून आली तर कॉम्प्रेसर आतल्या दाबाविरुद्ध उठायला बघतो, उठत नाही, जास्तच खेचतो. इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन घर लाइनवर फेकतो आणि राउटर विनाकारण मध्ये सापडतो. फ्रिजला तीन मिनिटांचा टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर लावा, किंवा फ्रिज इन्व्हर्टर लाइनवरून काढून टाका. कॉम्प्युटर चालणाऱ्या घरात दुसरा पर्याय बरा.

बॅटरी चांगली असूनही लोड पडताच ‘लो बॅटरी’ येत असेल तर ५०० वॉट लोडवर दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या पोलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. फरक ०.३ व्होल्टच्या पुढं गेला तर लग (वायरीच्या टोकाचं फिटिंग) सैल, क्रिंप कच्चा किंवा वायर बारीक. २४ व्होल्टवर हजार वॉटला ५० अँपिअर वाहतात; दीड मीटरपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. पोलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुऊन, पुसून, लग घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावा. दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेजही वेगवेगळं मोजा. एक १२.६ आणि दुसरी ११.८ असेल तर दोष दुसरीत आहे, आणि तिच्या जागी एकच नवी लावली तर उरलेली जुनी नवीलाही ओढून खाली आणते.

एवढं करूनही लाइट जाताना राउटर बसतोच, असं झालं तर त्याच्यापुरता १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. तो एसीचा गॅप बघतच नाही. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा: काही राउटर ९ व्होल्टचे असतात, फायबरचा मोडेम १२ व्होल्ट १ किंवा १.५ अँपिअर मागतो. पिन ५.५ आणि २.१ मिलिमीटरची आहे का, मधला पोल प्लस आहे का बघा. मोडेम आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही लावावा लागतो. एकच जिवंत ठेवून इंटरनेट चालत नाही.

बॅटरीशिवायच्या ऑनग्रिड सोलरवाल्यांना, म्हणजे पीएम सूर्य घर योजनेतून नेट मीटरसह बसवलेल्या बहुतेकांना, वरचं काहीच लागू नाही. लाइट गेली की तो इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतो, भर उन्हातही, आणि लाइट आल्यावर ती स्थिर असल्याची खात्री करून थोड्या वेळानं सुरू होतो. तो बिघाड नाही. घरातल्या जुन्या बॅटरी इन्व्हर्टरच्या आउटपुटला तो जोडून फसवायचा प्रयत्न करू नका. घरात खपत नसलेली वीज उलटी बॅटरी इन्व्हर्टरमध्ये शिरते आणि त्याच्या पॉवर स्टेजची वाट लावते.